तान्ह्या पोळ्याच्या झुली: दुकानातल्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५, गुरुवार

यंदा तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्यासाठी, त्यांच्या लाकडी बैलांच्या झुलींचं सामान पाकिटात बांधून विकायचं, हे आज पक्कं केलं. बेतलेलं कापड, मापात कापलेली लेस, सुई-दोरा, गोंडे, घुंगरं आणि कागदावर लिहिलेली कृती. पोळा २२ ऑगस्टला आहे, तान्हा पोळा २३ला. मध्ये राखीचा हंगाम येतो, त्यामुळे वेळ वाटतो तितका नाही.

दरवर्षी पोळ्याच्या आधी आया पोरांना घेऊन दुकानात येतात. "ताई, नंदीला घालायला काही दाखवा नं." मग अर्धा मीटर लेस, मूठभर टिकल्या, चार घुंगरं असं सुटं सामान नेतात. पुढे कधीतरी त्यातलीच एखादी सांगते, शिवायचं राहूनच गेलं, शेवटी तयार झूल आणली. तयार झुलींची लेस बहुतेक वेळा गरम गोंदाने चिकटवलेली असते. पोरगं बैल ओढत दोन गल्ल्या फिरलं की कोपरे सुटून लोंबायला लागतात. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला, असं नागपुरात आमच्या महाल भागात लहानथोर सगळे सांगतात. ज्या गावाने हा सण पोरांच्या हाती दिला त्या गावात तरी बैलाच्या पाठीवर घरच्या हाताची झूल असावी, असं मला मनापासून वाटतं.

दुकानाचा नियम जुनाच आहे: जे आपण स्वतः शिवून पाहिलं नाही ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. म्हणून पहिली झूल मीच शिवणार.

आज मापं घेतली. घरचा बैल, नणंदेच्या मुलाचा आणि शेजारच्या काकूंच्या नातवाचा, असे गोळा केले. सुताराने हाताने घडवलेले असल्याने दोन बैल सारखे निघत नाहीत. तरी साधारण दोन आकार धरता येतात. मधल्या बैलाला मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत ८ इंच आणि एका कुशीपासून पाठीवरून दुसऱ्या कुशीपर्यंत ११ इंच. लहान बैलाला ६ आणि ७. खरी अडचण वशिंडाची. कुणाचं टेकडीसारखं उंच, कुणाचं जेमतेम. सरळ चौकोनी कापड टाकलं की ते वशिंडावर तंबूसारखं उभं राहतं आणि पाठीला लागतच नाही.

१९ जून

इतवारीत माल पाहायला गेले होते. गांधीबागेतून कापड, मग लेस-गोट्याची दुकानं. मखमल लाल आणि गर्द हिरवी घेतली, ४४ इंच पन्ह्याची. पिवळी घेतली नाही, सोनेरी लेस तिच्यावर उठून दिसत नाही.

घुंगरांवर बराच वेळ गेला. दुकानदाराने दोन पेट्या पुढे ठेवल्या, दोन्ही पिवळ्याधमक. एका पेटीतली पितळेची, दुसरीतली लोखंडाची, वरून मुलामा दिलेली. लोहचुंबक पिशवीतच असतं, लावून पाहिलं. लोखंडी घुंगरू स्वस्त पडतं, पण नागपूरच्या पावसाळ्यात महिनाभर पाकिटात राहिलं तर त्याचा गंज मखमलीवर उतरतो, आणि तो डाग निघत नाही. पितळेचीच घेतली. पाकिटाची किंमत थोडी वाढेल. चालेल.

येताना खव्याची जिलेबी घेतली. घरी पोचेपर्यंत कोमट राहिली होती.

३ जुलै

आज मखमल बेतायला घेतली. हा भाग सविस्तर लिहून ठेवते, कारण कृतीच्या कागदावर याचं एकच वाक्य येणार आहे आणि ते वाक्य बरोबर असायला हवं.

मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत लागते आणि रंग फिका, चमकदार दिसतो. उलट फिरवला तर हाताला अडते आणि रंग गडद दिसतो. झूल ही पाठीवरून दोन्ही कुशींवर पडणारी गोष्ट आहे. लव आडवी ठेवली, म्हणजे एका कुशीकडून दुसरीकडे जाणारी, तर एका बाजूला ती खाली वाहते आणि दुसऱ्या बाजूला वर. मग बैल डावीकडून लाल दिसतो आणि उजवीकडून मरून. म्हणून लव मानेकडून शेपटीकडेच जायला हवी. खऱ्या बैलाच्या अंगावरचे केसही तसेच असतात, हात फिरवणाऱ्याला ते आपोआप कळतं.

लव कापडाच्या लांबीच्या दिशेने असते. त्यामुळे बैलाची लांबी कापडाच्या लांबीवर आणि कुशी पन्ह्यावर घ्यायच्या. सगळीकडे शिलाईसाठी अर्धा इंच माया धरून तुकडा ९ बाय १२ चा होतो. ४४ च्या पन्ह्यात १२ चे तीन बसतात आणि ८ इंचांची पट्टी उरते. मीटरभर लांबीत ९ चे चार. म्हणजे मीटरला मधल्या मापाच्या १२ झुली, आणि उरलेल्या पट्टीत लहान बैलाच्या पाच, त्याही लव न मोडता. कापड वाया जात नाही हे पाहून फार बरं वाटलं. लेसचं बंडल ९ मीटरचं येतं. मधल्या झुलीची कड ३८ इंच, कोपऱ्यांच्या दुमडी धरून मीटरभर. एका बंडलात नऊ झुली.

वशिंडासाठी पुढच्या कडेला मधोमध खाच दिली, दीड इंच रुंद आणि दोन इंच खोल, आत गोल. आता कापड वशिंडाच्या दोन्ही बाजूंनी खाली बसतं. पण गोलाईवर सोनेरी लेस वळत नाही, सुरकुत्या पडतात. तिथे लेस लावायचीच नाही. त्याऐवजी साटणीची उरेब पट्टी. कापड ४५ अंशात कापलं की ताणलं जातं आणि गोलाईला अंगासरशी बसतं. पट्टी पाकिटात कापूनच द्यायची, उरेब कापणं नवख्याला जमण्यासारखं नाही.

मशीनवर शिवणाऱ्यांसाठी: सुई १४ नंबर, टाका थोडा लांब, आणि टीप लवेच्या दिशेनेच मारायची. उलट मारली की वरचं कापड पायाखालून पुढे सरकतं आणि शेवटी अस्तर तोकडं पडतं. आधी कच्चा दोरा घालून घेतला तर हा प्रश्नच येत नाही. इस्त्री उलट्या बाजूने, खाली मखमलीचाच दुसरा तुकडा पसरून. सुलट बाजूने फिरवली तर लव बसते ती उठत नाही.

सासूबाई मशीनजवळ येऊन बसल्या होत्या. हे मशीन त्यांचंच, पायाचं, उषा. पावसाळी हवेत त्याचा चामडी पट्टा सैल पडतो. आज त्यांनीच पट्ट्याची पिन काढून टोक थोडं कापलं आणि परत जोडून दिला. शिवलेली झूल बैलावर टाकून म्हणाल्या, "पोटाखालून नाडी पाहिजे. पोट्टे ओढतात, घसरून जाईल."

नाडी वाढवली.

११ जुलै, शुक्रवार

शुक्रवारी दुपारी दुकानात शिवणाऱ्या बायका जमतात. कुणी फॉल लावत बसते, कुणी आरीकामाची रिंग घेऊन. आज सगळ्यांना झुलीची पाकिटं दिली आणि मी मध्ये बोलणार नाही असं सांगून गल्ल्यावर बसले.

खायला गुळाची शंकरपाळी होती. शिवणकामाच्या दुपारी काय खायचं याचा मी गंभीरपणे विचार करते. पाकातलं नको, बोटं चिकट होतात. बेसनाचा लाडू जीव की प्राण, पण तुपाचं बोट मखमलीला लागलं की संपलं. शंकरपाळी कोरडी असते, बशीतून चिमटीत उचलता येते, आणि मोहन नीट पडलं असेल तर तोंडात घालताच विरघळते. तरी हात पुसायला ओला नॅपकिन ठेवतेच. तुपाचा डाग पडलाच तर चोळायचं नाही. टाल्कम पावडर किंवा शिंप्याच्या खडूचा चुरा टाकून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी ब्रशने झटकायचा. तेलकटपणा पावडर ओढून घेते.

आता निरीक्षणं. निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंनी तासाभरात झूल पूर्ण केली, हातशिलाईने, टाके इतके सारखे की मशीनचे वाटावेत. कॉलेजातली मुलगी कृती न वाचता चित्रं पाहून शिवत होती. तिला खाच कुठल्या बाजूला येते ते कळलं नाही. म्हणजे चित्रात बैलाचं तोंड दाखवायला हवं. सगळ्यात जास्त शिकवलं ते एका वहिनींसोबत आलेल्या नऊ वर्षांच्या मुलाने. त्याला शिवायचंच होतं. सुईत दोरा ओवता येईना, नेढं बारीक. मोठ्या नेढ्याची बोथट सुई दिली, ती मखमल आणि आतल्या ताठ बुकरममधून जाईना. टोकदार दिली तर वहिनी घाबरल्या. तो थोडा वेळ झटला, मग मणी मोजायला लागला.

हा सण त्याचा आहे. बैल तो ओढणार, तोरणाखाली तोच उभा राहणार. त्याला झूल शिवता येत नसेल तर हे पाकीट आयांपुरतंच राहील. म्हणून दुसरं पाकीट करायचं, पोरांसाठी. कापड फेल्टचं: कापल्यावर धागे सुटत नाहीत, लव नाही, दुमडायची गरज नाही. कडेने एकेक सेंटिमीटरवर अरीने भोकं पाडूनच द्यायची, म्हणजे बोथट सुई सहज जाते. दोरा सहापदरी भरतकामाचा, पदर न सोडवता सगळाच ओवायचा. त्याची लडी ८ मीटरची असते, झुलीला निम्मी पुरते. उरलेला दोरा पाकिटात तसाच राहू द्यायचा. उरलेल्या दोऱ्यातूनच पुढचं काहीतरी शिवायला सुचतं.

२० जुलै

पाऊस. दुकानात ओल. जरीचे रीळ काचेच्या बरण्यांत हलवले. तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली जरी अशा हवेत काळी पडते, पॉलिस्टरची पडत नाही. पाकिटांत पॉलिस्टरचीच सोनेरी लेस आहे, तिची काळजी नाही. सुया मेणकागदात गुंडाळल्या.

२९ जुलै, नागपंचमी

आज आमच्याकडे तवा चढत नाही आणि चिरणं-कापणंही नाही. त्यामुळे कात्री ड्रॉवरमध्ये. दुकान अर्धा दिवस उघडलं ते बटणं निवडायला आणि पाकिटांवर चिठ्ठ्या डकवायला.

सासूबाईंनी दिंडं केली. कणकेच्या पारीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची आणि चाळणीवर उकडायची. पुरणपोळीचं कौतुक सगळे करतात, पण वाफेवरच्या दिंडाला गुळाचा आणि जायफळाचा जो वास राहतो तो तव्यावर भाजलेल्या पोळीला येत नाही. गरम दिंड मध्ये फोडायचं, त्यात तूप सोडायचं आणि लगेच खायचं. गार झालं की पारी चिवट होते.

पारीची घडी घालताना त्यांचे हात बघत होते. कडा एकमेकींवर बरोबर अर्धा बोट येतात, जास्त नाही, कमी नाही. कृतीच्या कागदावर "कोपऱ्यात लेस कशी दुमडावी" हे मला चित्रात धड दाखवता येत नव्हतं. ते तिथे सुचलं. आधी कोपरा आत, मग दोन्ही बाजू त्याच्यावर. संध्याकाळी चित्र काढलं.

६ ऑगस्ट

राखीची गर्दी, शनिवारी पौर्णिमा. रेशीमदोरा, मणी, लहान गोंडे यांचीच विक्री. झुलीच्या कामाला हात लावला नाही. नारळीभाताला नारळ आणून ठेवले.

१० ऑगस्ट

फेल्टच्या पाकिटाची परीक्षा. जुलैतला तोच मुलगा, शिवाय त्याची बहीण आणि गल्लीतली आणखी दोन पोरं. पाट टाकून दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं.

सगळ्यांनी झूल पूर्ण केली. टाके लहानमोठे आहेत, एकाने कडेला धावदोरा घातला, एकीने काज टाका हट्टाने शिकून घेतला आणि मग उसवायलाही तयार होईना. आरसे चिकटवायचे नाहीत, शिवायचे, यावर मी अडून बसले होते. आभल्याला भोक नसतं, तो टाक्यांच्या जाळीत अडकवावा लागतो, ते पोरांना जड जातं. म्हणून कडेला दोन भोकं असलेले प्लॅस्टिकचे आरसे निवडले, बटणासारखे लागतात. घुंगरंही दुहेरी दोऱ्याने आणि गाठ मागच्या बाजूला. घरात तान्हं मूल असेल तर सुटलेलं घुंगरू थेट तोंडात जातं. कृतीत हे ठळक लिहिलं आहे: तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर घुंगरं आणि आरसे लावूच नयेत, त्याऐवजी लोकरीचे गोंडे.

गोंडे मात्र पोरांनी स्वतःच वाढवले. पाकिटात चार होते. त्यांनी दोन बोटांवर लोकर गुंडाळून आणखी केले, शिंगांना, शेपटीला, चाकांनाही. एकाच्या बैलाच्या कपाळावरची मठाटी तर नुसत्या लोकरीची होती. पाकिटात लोकर वाढवायची. शिंगांसाठी बेगडाचा चौकोनही घालते.

१६ ऑगस्ट

दुकानासमोर मांडणी केली. फळीवर बैल, त्यांच्यावर झुली, खाली पाकिटं. फेल्टचं १२० रुपये, मखमलीचं १८०. सुटं सामान नेहमीसारखं मिळेलच, तेही लिहून लावलं. चार घुंगरं मागणाऱ्याला चारच द्यायची. पाकीट आलं म्हणून सुटं बंद करणारी दुकानं मला आवडत नाहीत. शिवण शिकणाऱ्याला लागतं ते नेहमी थोडंच असतं.

दुपारी एक आजी आल्या. जुन्या टसर साडीचा काठ कागदात गुंडाळून आणला होता, करवतकाठी. साडी मधून विरली, काठ शाबूत. "नातवाच्या बैलाले याची झूल करून दे नं बाई." मी काठ काउंटरवर पसरला. करवतीच्या दात्यांसारखे त्रिकोण, आणि दाते रंगवलेले किंवा भरलेले नाहीत, विणतानाच झालेले. काठाचा धागा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांवर असतो, तीन धोट्यांनी विणतात, आणि दर आडव्या धाग्याला ते एकमेकांत गुंतवावे लागतात. हे काम आपल्या विदर्भातलं. टसरचे किडे भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढवतात आणि ती साडी आपल्याकडच्याच मागावर होते.

असल्या कापडाला कात्री लावताना हात थांबतो. शेवटी कापलाच नाही. पूर्ण लांबीचा काठ मध्ये न तोडता लाल सुती कापडावर कडेकडेने फिरवला, कोपऱ्यांत दुमडला आणि बारीक तुरपाईने बसवला. उद्या कुणाला हवा असेल तर टाके उसवून काठ जसाच्या तसा निघेल. आजींनी पैसे विचारले, नुसत्या दोऱ्याचे घेतले.

१९ ऑगस्ट

गर्दी. बाजारात ठिकठिकाणी लाकडी बैल मांडले आहेत, त्यामुळे लोक बैल विकत घेऊन तसेच कडेवर घेऊन दुकानात येतात. हे फार सोयीचं. बैल काउंटरवर ठेवायचा, टेप लावायचा, माप सांगायचं. मोठे बैलही येत आहेत, दीड-दोन फुटांचे, त्यांच्या मापाचं पाकीट माझ्याकडे नाही. त्यांना मखमल मीटरवर कापून देते आणि खाचेचा कागदी नमुना सोबत.

फेल्टची पाकिटं मखमलीपेक्षा जास्त जात आहेत. घेणारे वडीलही पुष्कळ. एकाने विचारलं, "पोराला जमेल का शिवायला?" मी म्हटलं, जमेल, तुम्ही नुसते शेजारी बसा. त्याने दोन घेतली, दुसरं स्वतःसाठी.

लाल लेस संपली. ठोक व्यापाऱ्याकडून आलेल्या नव्या बंडलाचा रंग राणी निघाला, चिठ्ठीवर लाल लिहिलेलं. परत पाठवलं. तोवर हिरव्या मखमलीला सोनेरीच.

२१ ऑगस्ट

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. सासूबाईंच्या माहेरी, भिवापूरकडे, आज खांदेमळण. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आमच्याकडे शेती उरली नाही, बैलही नाहीत. सासूबाईंनी तरीही देवाजवळच्या लाकडी बैलाच्या खांद्याला बोटभर लोणी लावलं आणि तेच म्हणाल्या. मग मीही लावलं.

रात्री कोहळ्याच्या बोंडांचं पीठ भिजवून ठेवलं. लाल कोहळं किसायचं, गूळ घालून मंद आचेवर शिजवायचं. पाणी अजिबात घालायचं नाही, कोहळ्याचंच सुटतं. पूर्ण गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक, वेलची आणि किंचित मीठ. गरम असताना कणीक घातली तर ती जास्त लागते आणि बोंडं दडस होतात.

२२ ऑगस्ट, पोळा

सकाळी पुरणाचा स्वयंपाक. बोंडं तळताना आच मध्यमच ठेवावी लागते, गुळामुळे बाहेरून चटकन काळी होतात आणि आत कच्ची राहतात. बोटांनी सोडलेलं बोंड तळाशी जातं आणि आपोआप वर येतं. वर आल्यावरच हलवायचं. बाहेरून खमंग, आत ओलसर, आणि कोहळ्याचा केशरी रंग. हे गोड जगात कुठे मिळत असेल तर आमच्याकडे आणि पोळ्यालाच, असं मी लहानपणापासून धरून आहे.

दुकान दुपारी उघडलं. शेवटच्या क्षणी येणाऱ्यांची रांग. कापायला वेळ नव्हता म्हणून मांडणीतल्या तयार झुलीही दिल्या.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

सकाळी मारबत, म्हणजे रोगराई-पीडा घेऊन जा म्हणत मिरवतात तो मोठा पुतळा. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते, १८८५ पासूनची परंपरा. काळी त्याच्याही आधीची, १८८१ ची. बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, पाहायला महाल-इतवारीच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दुपारपर्यंत दुकान उघडण्यात अर्थ नाही. गच्चीवरून "घेऊन जा गे मारबत" च्या आरोळ्या ऐकत बोजाऱ्याच्या पुड्या बांधल्या. हल्ली बोजारा म्हणून पैसे किंवा चॉकलेट देतात. माझं म्हणणं, पोरगं सजवलेला बैल घेऊन दारात आलंय, त्याच्या हातावर घरचं गोड पडलं पाहिजे. पुडीत शंकरपाळी आणि दोन बोंडं, वर दहाची नोट. नोटही हवीच, पोरांचा तो हक्क आहे.

चार वाजता मैदानात तोरण बांधलं. आमच्या गल्लीतली आणि पलीकडच्या वस्तीतली पोरं ओळीने बसली, पुढे बैल. मी मागे उभी राहून फक्त पाठी बघत होते. फेल्टच्या झुली लांबूनच ओळखू आल्या, टाके एवढे मोठे. लाल-हिरवी मखमल, तिची लव सगळ्यांची मागे वाहणारी. करवतकाठीवाला बैल डाव्या टोकाला. त्या मुलाने झुलीवर आणखी काहीच लावलं नव्हतं, ना टिकली ना घुंगरू. आजी खुर्चीवर बसून होत्या.

झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकं जुळवलेली गाणी, म्हणून झाल्या, तोरण तुटलं, पोळा फुटला आणि सगळे बैल एकदम सुटले. चाकं खडबडली, घुंगरं वाजली. एक बैल उलटला आणि फरफटत गेला. धावत जाऊन पाहिलं: नाडी शाबूत, लेस शाबूत, फक्त मखमल मातीने भरलेली. मालकाला सांगितलं, आता झटकू नको, माती वाळू दे आणि उद्या ब्रशने लवेच्या दिशेने काढ. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच हाताने झटकली.

सजावटीचं पहिलं बक्षीस थर्माकोलचं देऊळ उभारलेल्या बैलाला मिळालं. परीक्षकांना झुली उचलून टाके पाहायला सांगायला हवं होतं, असं शिक्षिका काकू म्हणाल्या. मला ते पटलं. पुढच्या वर्षी मंडळाला विचारून "हाताने शिवलेली झूल" असं वेगळं बक्षीस ठेवू या का? बक्षिसाचं सामान दुकानातून देईन.

संध्याकाळी पोरं दारोदार फिरली. पुड्या संपल्या, मग डब्यातली बोंडं हातावर दिली.

२६ ऑगस्ट, हरतालिका

उद्या गणपती, ३१ला महालक्ष्म्या येणार. दुकानात आता कुणी बैलाचं नाव काढत नाही. मुखवट्यांना मोत्यांच्या माळा, साडीच्या निऱ्या बसवायला पिना, पदराला जरीची लेस, सोळा भाज्यांची यादी आणि आंबिलीच्या ज्वारीच्या गप्पा. सकाळपासून नुसती लेस कापते आहे.

झुलींचा हिशेब मधल्या वेळात लावला. मखमलीची थोडी पाकिटं उरली, फेल्टची एकही नाही. गुंतवलेले पैसे सुटून वर जे राहिलं त्यात घुंगरांची आणि फेल्टची पुढची खरेदी निघेल. उरलेली मखमल फोडून तिचे बटवे बेतायचे. लव इथेही तोंडाकडून तळाकडे.

पुढच्या वर्षासाठी:

मापांत मोठा बैल वाढवायचा, आणि त्याच्या खाचेला जोडपट्टी द्यायची, म्हणजे वशिंड कमीजास्त असलं तरी बसेल. फेल्टची भोकं हाताने पाडण्यात फार वेळ जातो. चामड्याच्या पिशव्या शिवणारे एक काका कॉटन मार्केटजवळ बसतात, त्यांच्याकडे दातेरी चाक आहे, ते फेल्टवर चालतं का ते दिवाळीनंतर बघायचं. कृतीचा कागद मोठ्या अक्षरांत, कारण शेवटी तो आजी-आजोबाच वाचून दाखवतात. लोकर दुप्पट.

शुक्रवारच्या बायकांनी नोव्हेंबरात काय शिवायचं ते आत्ताच ठरवून टाकलं: आंबिया बहाराचा संत्रा आला की संत्रा बर्फीचे डबे बांधायला कापडी पिशव्या. मी बर्फी करणार. संत्र्याचा गर वेगळा आटवून घ्यायचा आणि खवा-साखर जमून आल्यावर शेवटी मिसळायचा, नाहीतर आंबटपणाने खवा फाटतो. पिशवीला आतून अस्तर हवं, तूप बाहेर येता कामा नये. अस्तराचे नमुने काढून ठेवलेत. महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं की एकेक शिवून पाहते.